'पात्र आत्महत्या' : बातमीतील एका विशेषणाविरुद्ध

यवतमाळ जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या मराठी वृत्तपत्रांच्या गेल्या दोन दशकांच्या संचिका चाळू लागले की एक शब्द वारंवार समोर येतो, आणि तो इतका परिचयाचा असतो की वाचणाऱ्याची नजर त्यावर थबकत नाही. तो शब्द म्हणजे 'पात्र'. वर्षअखेरीस, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर, किंवा एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी ठरलेल्या साच्याची बातमी येते : जिल्ह्यात इतक्या शेतकरी आत्महत्या, त्यांपैकी इतक्या पात्र, इतक्या अपात्र, उरलेल्या चौकशीसाठी प्रलंबित. आकडे बदलतात, वाक्य बदलत नाही. 'पात्र आत्महत्या' आणि 'अपात्र आत्महत्या' हे दोन शब्दसमूह आता मराठी बातमीच्या भाषेत इतके रुळले आहेत की अवतरणचिन्हांची गरजही कोणाला वाटत नाही. प्रस्तुत प्रतिपादन या रुळण्याविरुद्ध आहे. हा शब्दप्रयोग भाषिकदृष्ट्या भ्रष्ट आहे, नैतिकदृष्ट्या त्याहून अधिक. आणि त्याची जबाबदारी केवळ कचेरीवर टाकून बातमीदार आणि समीक्षक या दोन्ही भाषाव्यवसायी वर्गांना सुटता येणार नाही.

प्रथम शब्दाचा जन्म कोठे झाला ते पाहू. डिसेंबर २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी १,०७५ कोटी रुपयांची मदतयोजना घोषित केली. पाठोपाठ २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपये देण्याच्या अटी निश्चित केल्या : त्यांतील ३०,००० रुपये हाती, ७०,००० रुपये ठेवीत. मृत व्यक्ती शेतकरी असली पाहिजे, म्हणजे जमीन सातबाऱ्यावर असली पाहिजे. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले पाहिजे. नापिकीमुळे ते फेडता आलेले नसले पाहिजे. आणि मृत्यूचे कारण तेच असले पाहिजे. तहसीलदाराचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, कर्जाचा दाखला हे सारे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाते आणि समिती निर्णय देते. निर्णयाची नोंद तक्त्यात होते. तक्त्याला रकाने असतात, आणि रकान्यांना मथळे असतात : 'पात्र', 'अपात्र', 'प्रलंबित'.

तक्त्यातील मथळा आखूड असतो, आणि तो तसा असण्यात गैर काही नाही. 'कशास पात्र' हा प्रश्न तक्त्याच्या शीर्षकातच मिटलेला असतो : हा मदतवाटपाचा तक्ता आहे, येथील पात्रता मदतीची आहे. तक्ता ही एक स्वतंत्र संहिता आहे. तिच्या चौकटीत अध्याहृत पद सहज सापडते. बातमीने जे केले ते असे की, रकान्याचा मथळा चौकटीतून उचलला, अध्याहृत पद मागेच टाकले, आणि उरलेले एकाकी विशेषण थेट मृत्यूपुढे बसविले. या एका कृतीत व्याकरणाच्या किती पायऱ्या उतरल्या गेल्या ते मोजून पाहण्यासारखे आहे.

मराठीत 'पात्र' हे विशेषण स्वतःच्या पायांवर उभे राहत नाही. ते चतुर्थी मागते. मनुष्य शिक्षेस पात्र असतो, कौतुकास पात्र असतो, टीकेस, दयेस, पारितोषिकास पात्र असतो. वैयाकरण ज्याला तादर्थ्य म्हणतात तो संबंध, म्हणजे 'कशासाठी' हा अंश, या शब्दाच्या अर्थाचा अविभाज्य भाग आहे. 'मृताचे कुटुंब मदतीस पात्र आहे' हे निर्दोष वाक्य आहे. त्यात पात्र कोण ते कळते आणि कशास तेही कळते. 'ही आत्महत्या मदतीस पात्र आहे' या वाक्यात कर्ता बदलला. मदत मृत्यूला मिळत नसते, माणसांना मिळते. तरी येथे निदान चतुर्थी शाबूत आहे. 'पात्र आत्महत्या' या तिसऱ्या पायरीवर चतुर्थी गळाली. जे एका विशिष्ट रकमेच्या संदर्भातले विधेय होते, ते मृत्यूचे अधिविशेषण झाले. जे समितीच्या निर्णयाचे वर्णन होते, ते मरणाच्या स्वरूपाचे वर्णन झाले. लाल फूल, उंच झाड, पात्र आत्महत्या. आणि एकदा विशेषण अशा रीतीने नामाला चिकटले की त्याचा नकारही चिकटतो. 'अपात्र आत्महत्या' म्हणजे मदत नाकारलेले प्रकरण असे नित्याचा वाचक समजून घेतो खरे; परंतु शब्द जे सांगतो ते निराळेच. शब्द सांगतो की हे मरण त्या लायकीचे नव्हते.

क्रियापदाची कथाही अशीच आहे. समिती प्रकरण अपात्र 'ठरविते'. बातमीत मात्र प्रकरण अपात्र 'ठरते'. प्रयोजक रूप गेले की ठरविणारा गेला. 'ठरणे' हे मराठीतील मोठे सोयीचे क्रियापद आहे. लग्न ठरते, भाव ठरतो, दोषी कोण ते ठरते, आणि प्रत्येक वेळी ठरविणारे हात पडद्याआड राहतात. समितीची बैठक कोणत्या तारखेस झाली, तिने किती प्रकरणे पाहिली, कोणत्या कारणाने कोणते नाकारले, यांतले काहीही न सांगता केवळ 'अपात्र ठरली' एवढे लिहून बातमी पूर्ण होऊ शकते, हे या क्रियापदाचे सामर्थ्य. ते वापरणाऱ्याने त्याचे मोल कोणी चुकविले याचा विचार करावयास हवा.

यावर कोणी म्हणेल की ही वृत्तपत्रीय भाषेची सर्वसाधारण ढब आहे, तिच्यात हेतू शोधू नये. ढब सर्वसाधारण नाही, हे दाखविता येते. 'अपात्र' हाच शब्द याच वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर दुसऱ्या एका संदर्भात प्रदीर्घ काळ झळकला. जून २०२२ मधील शिवसेनेच्या फुटीनंतर आमदारांच्या अपात्रतेच्या याचिका दाखल झाल्या. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय अध्यक्षांकडे सोपविला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी दोन्हीपैकी कोणत्याही गटाच्या आमदारांना अपात्र ठरविले नाही. या दीड वर्षात मराठी वाचकाला दहावी अनुसूची जवळपास तोंडपाठ झाली. कोण ठरविणार, कोणत्या निकषावर, कोणत्या मुदतीत, त्याविरुद्ध दाद कोठे मागता येईल, या प्रत्येक प्रश्नावर रकाने भरले. तेथे कर्ता कधीही गळाला नाही. तेथे 'ठरणे' आणि 'ठरविणे' यांतील भेद प्रत्येक वार्ताहराला उत्तम समजत होता. म्हणजे भाषेला क्षमता आहे, पत्रकाराला व्याकरण येते. फक्त ते व्याकरण कोणासाठी वापरावयाचे याची त्याची एक अलिखित वर्गवारी आहे. जिवंत आमदाराच्या अपात्रतेला कर्ता लागतो. मेलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या अपात्रतेला लागत नाही.

'पात्र' या शब्दाच्या पाठीमागे जो इतिहास उभा आहे त्यामुळे प्रकरण आणखी गंभीर होते. पात्र म्हणजे भांडे. ज्यात काही ओतता येते, राहू शकते, ते. त्यावरून नदीचे पात्र, आणि त्यावरूनच दान घेण्यास योग्य असा मनुष्य. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे भेद करताना देश आणि काल यांच्या जोडीला पात्र येते, आणि ज्ञानेश्वरीपासून या विवेचनाची परंपरा मराठीत चालत आली आहे. 'सत्पात्री दान' आणि 'अपात्री दान' हे वाक्प्रचार घरोघरी आहेत. दानाच्या या व्यवहारात देणारा वर उभा असतो आणि घेणाऱ्याची पारख करतो. घेणाऱ्याचा हक्क तेथे नसतो, त्याची योग्यता असते. शासनव्यवहाराच्या मराठीने निवडीचे निकष पूर्ण करणाऱ्यासाठी हा शब्द घेतला तेव्हा तो रिकामा आला नाही, आपली सारी सामग्री घेऊन आला. 'सानुग्रह अनुदान' या जोडशब्दातला 'अनुग्रह' पाहिला की शंका उरत नाही. राज्यसंस्था नागरिकाशी बोलत असल्याचा देखावा करते. तिची परिभाषा यजमान याचकाशी बोलतो तशी बोलते. बातमीने ही परिभाषा जशीच्या तशी उचलली तेव्हा तिने यजमानाचा आवाजही उचलला.

गावातील लोक असे बोलत नाहीत, ही गोष्ट येथे फार बोलकी आहे. सामान्य व्यवहारात माणसे म्हणतात की केस मंजूर झाली, किंवा केस नियमात बसली नाही. 'नियमात बसली नाही' या वाक्यात नियम हजर आहे. तो अरुंद आहे, कोणाला तरी त्यात बसविण्याचा प्रयत्न झाला आणि जागा पुरली नाही, एवढे सारे त्या साध्या वाक्यात सामावते. मरणाऱ्यावर त्यात ठपका नाही. बोलीने नियमावर ठेवलेला भार प्रमाण बातमीने मृतावर टाकला आहे; आणि प्रमाण भाषा अधिक नेमकी असते हा आपल्या विद्यापीठीय वर्तुळातील आवडता सिद्धांत या उदाहरणापुढे टिकत नाही.

१९ मार्च १९८६ हा दिवस या विषयाच्या चर्चेत नेहमी येतो. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ दत्तपूर येथे जीवन संपविले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या इतिहासाचा आरंभबिंदू म्हणून ही घटना आज सांगितली जाते, आणि २०१७ पासून त्या दिवशी अन्नत्यागाचे आंदोलनही होत आले आहे. त्या वेळी त्या मृत्यूंना पात्र वा अपात्र म्हणण्याची सोय नव्हती. म्हणजे तेव्हाची बातमी अधिक सहृदय होती असे नव्हे. तेव्हा रकाना नव्हता एवढेच. परंतु रकाना नसल्यामुळे मृत्यू हा मृत्यू म्हणूनच सांगणे भाग होते. त्याचे कारण वीजबिल, कर्ज, पीक, भाव या वस्तूंच्या भाषेत शोधावे लागे. रकाना आल्यानंतर कारण शोधण्याचा तो व्याप वाचला. विशेषणाने कारणाची जागा घेतली.

कोणाचे मरण या विशेषणाच्याही बाहेर पडते, हे पाहण्यासाठी त्याच वृत्तपत्राची आतली पाने उघडावी लागतात. शेतात नवऱ्याच्या बरोबरीने, पुष्कळदा त्याच्याहून अधिक राबणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नसतो. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. तिने जीव दिला तर ती 'शेतकरी' होत नाही. तिची बातमी वेगळ्या मथळ्याखाली, 'विवाहितेची आत्महत्या' म्हणून, तालुका पानावर येते, आणि त्या मथळ्याबरोबर वाचकाच्या मनात सासर, हुंडा, घरगुती कलह ही ठरलेली कथानके आपोआप उभी राहतात. कर्ज आणि कापूस हे कथानक उभे राहत नाही. दुसऱ्याचे वावर मक्त्याने किंवा बटईने करणारा, वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसूनही कागद नसलेला कोलाम वा गोंड, खासगी विनापरवाना सावकाराकडून पैसे घेतलेला, हे सारे पूर्वी मराठीत नि:संशय शेतकरी होते. बातमीच्या भाषेत आता ते संशयास्पद झाले आहेत. नियमांत पुढे काही सुधारणा झाल्या असतील, होतीलही. शब्दाने केलेली वर्गवारी त्या सुधारणांपेक्षा चिवट असते.

रोलाँ बार्थ यांच्या १९५७ मधील 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात दोमिनिसी खटल्यावरील एक छोटे प्रकरण आहे. दक्षिण फ्रान्समधील गास्तों दोमिनिसी या वृद्ध शेतकऱ्यावर १९५२ मधील तिहेरी हत्येचा आरोप होता. १९५४ मध्ये त्याला दोषी ठरविण्यात आले. बार्थ यांचा आक्षेप पुराव्यावर जेवढा होता त्यापेक्षा भाषेवर अधिक होता. न्यायाधीश आणि वकील ज्या मानसशास्त्राच्या आधारे त्या मेंढपाळ शेतकऱ्याचे हेतू रचीत होते, ते मानसशास्त्र अभिजात कादंबरीतून आलेले होते. आरोपीची भाषा त्यांना अवगत नव्हती, आणि त्यांची भाषा हीच सर्वांची भाषा आहे असे ते गृहीत धरून चालले होते. बार्थ यांच्या मते त्या दिवशी साहित्यानेच त्या माणसाला शिक्षा दिली.

यवतमाळच्या कचेरीत रचली जाते ती कादंबरी याहून गरीब आहे, पण तिचे तंत्र तेच. मृताला एक हेतू असला पाहिजे, तो एकच असला पाहिजे, आणि तो उपलब्ध यादीतला असला पाहिजे. कर्ज व नापिकी हा हेतू सिद्ध झाला तर एक शेवट. दारू, आजार, घरगुती वाद, नैराश्य यांतले काही आढळले तर दुसरा. कर्जाने आजार लांबतो, आजाराने कर्ज वाढते, कर्जाने घरात वाद होतो, वादाने माणूस दारूकडे जातो, ही साखळी शेतीशी संबंध असलेल्या कोणालाही सांगावी लागत नाही. परंतु रकान्यात साखळी मावत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार २००५ मध्ये केलेला अभ्यास आणि श्रीजित मिश्र यांचा २००६ चा अहवाल, हे दोन्ही मुळात कारणांच्या गुंत्याविषयीचे आहेत. बातमीच्या भाषेवर त्यांचा परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो तक्त्याचा. योगायोग असा की कचेरी आणि साहित्यशास्त्र यांचा शब्दसंग्रह येथे एकच आहे. कचेरीत 'प्रकरण' असते, पुस्तकातही असते. संस्कृत नाट्यशास्त्रात तर 'प्रकरण' हा कल्पित कथानकाचा रूपकप्रकार आहे. 'पात्र' तेथेही आहे, येथेही आहे. प्रकरणात पात्र शोधावयाचे आणि त्याला एक हेतू चिकटवून मोकळे व्हावयाचे, ही रीत कचेरीने आपल्या वर्गांतूनच उचलली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो.

वृत्तपत्रांच्या बाजूने सांगितले जाणारे दोन बचाव येथे विचारात घ्यावयास हवेत. पहिला जागेचा : मथळ्यात आखूड शब्द लागतो. 'मदत नाकारली' हे 'अपात्र ठरली' याहून लांब नाही. ते अधिक माहिती देते आणि कोणीतरी काहीतरी केले हेही सांगते. तेव्हा हा बचाव जागच्या जागीच संपतो. दुसरा बचाव अधिक प्रतिष्ठित आहे : शब्द शासनाचा आहे, वार्ताहर तो केवळ पोहोचवितो. दुसऱ्याचे बोलणे आपल्या बोलण्यात कसे आणावयाचे हा भाषेतील तांत्रिक प्रश्न नसून सत्तासंबंधांचा प्रश्न आहे, हे व्ही. एन. व्होलोशिनोव्ह यांनी १९२९ मध्येच दाखवून दिले होते. मूळ वक्त्याचा शब्द उद्धृत करून त्याच्यापासून अंतर राखता येते. तो आपल्या निवेदनात विरघळवून टाकला की अंतर नाहीसे होते आणि निवेदक त्या शब्दाचा सहवक्ता होतो. 'जिल्हा समितीने ज्यांना अपात्र म्हटले आहे' या रचनेत अंतर आहे. 'अपात्र आत्महत्या' या रचनेत नाही. इंग्रजीत पी. साईनाथ यांनी या शासकीय वर्गवारीतील क्रौर्य उपहासाने उघडे केले होते. ज्या भाषेत या शब्दाला भांडे, नदी, दान आणि नाटक एवढे अर्थ आहेत त्या भाषेत तो कोणत्याही खुणेविना छापला गेला, हे अधिक लाजिरवाणे.

चळवळीही या बाबतीत निर्दोष नाहीत. सर्व आत्महत्या पात्र ठरवा, ही मागणी ज्या निकडीतून येते ती समजण्यासारखी आहे. एक लाखाची रक्कम एका घरासाठी काय असते हे प्राध्यापकाने चळवळीला सांगावे असे नाही. तथापि या मागणीने शब्दाची चौकट मान्य केली जाते. लढा रकान्यातून रकान्यात जाण्याचा होतो. रकाना कोणी आखला हा प्रश्न बाजूला पडतो. 'आत्महत्याग्रस्त' या शब्दाचेही असेच झाले. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या चालीवर तो घडला आणि आत्महत्या ही आकाशातून कोसळणारी आपत्ती असल्याचे त्याने सुचविले. 'आत्महत्याग्रस्त जिल्हा' ही यवतमाळची ओळख झाली ती या प्रत्ययतुल्य पदाच्या कृपेने. २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुरू झालेल्या शासकीय उपक्रमाचे नाव 'बळीराजा चेतना अभियान' होते. म्हणजे ज्याच्यापाशी चेतना कमी पडते तो बळीराजा, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो याचे भान नाव ठेवणाऱ्यांना नव्हते. २०१७ च्या पावसाळ्याअखेर याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा बातम्यांनी त्यांना 'फवारणीचे बळी' म्हटले. राजा आणि बळी यांतले अंतर बातमीच्या भाषेत किती कमी आहे, यावर स्वतंत्रपणे लिहिता येईल.

आता समीक्षेकडे. 'पात्र' हा शब्द ज्यांच्या व्यवसायाची रोजची भाकर आहे त्यांनी या सर्व काळात काय केले? त्यांनी ग्रामीण कादंबऱ्यांतील पात्रे सपाट आहेत की गोलाकार आहेत याचा विचार केला. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये मांडलेली ही जोडी मराठी समीक्षेने एवढ्या श्रद्धेने सांभाळली आहे की शेतकऱ्याच्या आत्महत्येवरील कोणतीही कथा-कादंबरी हाती आली की प्रथम पात्रांची तपासणी होते, मग लेखकाने प्रश्न 'वृत्तपत्रीय पातळीवर' हाताळल्याची तक्रार होते, आणि कलाकृती म्हणून ती उतरते वा उतरत नाही याचा निवाडा दिला जातो. कर्ता येथेही गळालेला असतो. कृती 'उतरत नाही', उतरवून घेणारा दिसत नाही. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा या प्रदेशाच्या शेतीजीवनाला मान्यता मिळाल्याचा आनंद योग्यच होता. पण पुरस्कार हीही पात्रतेची मोहोर आहे, आणि ज्या कृतींवर ती उमटली नाही त्यांच्याविषयी आपली समीक्षा जिल्हा समितीइतकीच मितभाषी राहिली आहे.

'वृत्तपत्रीय' हे विशेषण मराठी समीक्षेत शिवीसारखे वापरले जाते, आणि त्यातच तिच्या पराभवाचे मूळ आहे. वृत्तपत्राची भाषा हलकी मानून तिच्याकडे पाठ फिरविली की तिची समीक्षा करण्याचा अधिकारही गमावला जातो. वास्तविक यवतमाळ हा जिल्हा वृत्तपत्रीय परंपरेला परका नाही. लोकनायक बापूजी अणे यांचे 'लोकमत' १९१८ मध्ये याच गावी सुरू झाले, आणि ते नाव लोकमान्य टिळकांनी सुचविले होते असे सांगतात. सार्वजनिक मताला भाषा देणे हे वृत्तपत्राचे काम आहे अशी धारणा त्या नावात होती. ज्या शब्दांनी लाखो मराठी माणसे रोज सकाळी जगाचा अर्थ लावतात ते शब्द साहित्यशास्त्राच्या कक्षेबाहेरचे, हा श्रमविभाग कोणी केला?

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळ येथे भरले. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावर वादळ उठले, आणि अखेरीस उद्घाटन केले ते राजूर येथील वैशाली येडे यांनी, म्हणजे आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने. त्या घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले. निमंत्रण मागे घेण्यातील भ्याडपणाविषयी तर योग्य ते सारे लिहिले गेले. परंतु बातम्यांनी आणि बहुसंख्य लेखांनीही येडे यांना एका भूमिकेत उभे केले : त्या 'प्रतिनिधी' होत्या, 'प्रतीक' होत्या, एका मोठ्या अडचणीतून आयोजकांची सुटका करणाऱ्या होत्या. श्याम पेठकर यांच्या 'तेरवं' या नाटकात, जेथे शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रियांनीच भूमिका केल्या, त्या नटी म्हणून काम करीत होत्या, ही माहिती बातम्यांत आली ती परिचयाच्या एका ओळीपुरती. वस्तुतः साहित्य संमेलनाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती. ज्या स्त्रीला कचेरी, बातमी आणि संमेलन यांनी आपापल्या परीने पात्र ठरविले होते, ती दुसऱ्या अर्थाने पात्र होण्याची कला स्वतः शिकली होती. ती रंगमंचावर आपल्यासारख्या स्त्रीची भूमिका जाणीवपूर्वक करीत होती, आणि भूमिका करणारी व्यक्ती भूमिकेहून वेगळी असते हे नाट्यशास्त्राचे पहिले तत्त्व तिला ठाऊक होते. व्यासपीठासमोर बसलेल्या समीक्षकांपैकी किती जणांनी तिच्या भाषणाचे वाचन एका लेखकाच्या संहितेचे करावे तसे केले? तिच्याविषयी सहानुभूती पुष्कळ होती. समीक्षा तिला अपात्र समजत होती.

हे समाजशास्त्र झाले, साहित्यसमीक्षा नव्हे, असा आक्षेप येईल. तो येतोच. रेमंड विल्यम्स यांचे 'कीवर्ड्‌स' १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून शब्दाच्या सार्वजनिक वापराचा इतिहास हा समीक्षेचा मान्य विषय आहे. पण परकीय दाखल्याची गरज नाही. एका शब्दाची चतुर्थी गळाल्याने अर्थ कसा पालटतो, प्रयोजक क्रियापद साधे झाल्याने कर्ता कसा लपतो, रूपकाचा इतिहास परिभाषेत कसा टिकतो, हे प्रश्न व्याकरण, अर्थविचार आणि अलंकारशास्त्र यांचे आहेत. ते मराठी विभागाने सोडविले नाहीत तर सांख्यिकी विभाग सोडविणार नाही. जिल्हा आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांत वृत्तपत्रांच्या बांधीव संचिका धूळ खात पडल्या आहेत, कित्येकांचे कागद पिवळे होऊन तुटू लागले आहेत. २००६ च्या आधीची पाच वर्षे आणि नंतरची पाच वर्षे, एवढीच मर्यादा घालून एखाद्या विद्यार्थ्याने 'पात्र' चा प्रत्येक प्रयोग चतुर्थीसह आणि चतुर्थीविना असा वेगळा नोंदविला, तर हा बदल नेमका कोणत्या हंगामात, कोणत्या पानावर स्थिरावला हे सांगता येईल. ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावरील आणखी एका प्रबंधापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, असे म्हटले तर काही मार्गदर्शक दुखावतील. दुखावोत.

वार्ताहराकडून अपेक्षा याहून साधी आहे. समितीने मदत नाकारली असेल तर 'समितीने मदत नाकारली' असे लिहावे. तारीख द्यावी, कारण द्यावे, आणि कारण कागदाचे असेल तर कोणता कागद नव्हता ते द्यावे. 'पात्र' हा शब्द वापरावयाचाच असेल तर त्याची चतुर्थी त्याला परत द्यावी.

हे लवकर व्हावयास हवे, कारण विशेषण आता मृतांवरून जिवंतांवर आले आहे. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली. २०२५ मध्ये अर्जांची छाननी होऊन नावे वगळली जाऊ लागली, आणि बातम्यांचे मथळे 'अपात्र बहिणी' मोजू लागले. योजनेस, अनुदानास, हप्त्यास, काहीच नाही. नुसत्या अपात्र बहिणी.